पूर्वी असं नव्हतं? महाडच्या तळ्यापासून पालकमंत्रिपदापर्यंत

‘पूर्वी असं नव्हतं हो. राजकारण होतं, पण निकाल लागला की माणसं एका पंगतीला बसायची.’

हे वाक्य हल्ली मी फार ऐकतो. नात्याच्या बाजारात, महाडच्या एसटी स्टँडवर, पोलादपूरला कुणाच्या तेराव्याला, लग्नाच्या मांडवात. बोलणारा कुठल्याही पक्षाचा असो, सूर तोच. आता दोन तट पडलेत, घराघरात पडलेत, पूर्वी गोडी होती. पेपरात आम्ही त्याला ध्रुवीकरण म्हणतो. जड शब्द आहे, पण अर्थ सगळ्यांना कळतो: आपण एकीकडे, ते दुसरीकडे आणि मधे कुणी नाही.

मी वीसेक वर्षं या दोन तालुक्यांच्या बातम्या लिहितोय. त्यामुळे आजचं मला माहीत आहे. पण ‘पूर्वी’ म्हणजे नक्की कधी? हे कुणी सांगत नाही. म्हणून म्हटलं, एकदा तपासून बघू. दिल्ली-अमेरिकेचं उदाहरण घ्यायची गरज नाही. आपल्याच परिसरातली तीन सालं पुरतात: १९२७, १९५७ आणि १९७५. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा. आणि कृपया पूर्ण वाचूनच कमेंट करा.

१९२७

४ ऑगस्ट १९२३ ला मुंबईच्या कायदेमंडळात रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी पैशाने बांधलेल्या किंवा चालवलेल्या विहिरी, तळी, शाळा, दवाखाने अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुले करा, असा तो ठराव. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने त्याला धरून चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. म्हणजे कागदावर तळं सगळ्यांचं झालं. प्रत्यक्षात पुढची तीन वर्षं कुणाची हिंमत झाली नाही. तळ्यात गुरं उतरत होती, परधर्माची माणसं पाणी भरत होती. याच तालुक्यातला महार, चांभार मात्र काठावरसुद्धा जाऊ शकत नव्हता.

१९ आणि २० मार्च १९२७ ला महाडात कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. आपल्याच भागातले रामचंद्र बाबाजी मोरे, तसेच अनंतराव चित्रे, सुरबानाना टिपणीस अशी मंडळी जुळवाजुळव करत होती. अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर. गावोगावहून अडीच-तीन हजार माणसं चालत आली. त्यांच्या पिण्यासाठी पाणी विकत घ्यावं लागलं, त्याला ४० रुपये मोजले. त्या काळातले ४० रुपये, आणि गावात एवढं मोठं तळं भरलेलं असताना.

२० मार्चला सगळे रांगेने तळ्यावर गेले, पाणी प्याले, परत मांडवात आले. इथपर्यंतचं सगळ्यांना पाठ आहे. पुढचं जरा सावकाश वाचा. दोनेक तासांनी गावात हूल उठली, की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार आहेत. असा काही बेतच नव्हता. पण एवढं पुरलं. काठ्या घेऊन जमाव निघाला, जेवायला बसलेल्या, परतीच्या वाटेला लागलेल्या माणसांना मारलं. काहींनी मुसलमानांच्या घरांत आसरा घेतला. जमलेल्यांत पलटणीतून आलेले जवान गडी होते, ते चवताळले होते. बाबासाहेबांनी त्यांना हात उगारू दिला नाही, म्हणून महाडचा बाजार त्या दिवशी वाचला. नंतर तळ्यात पंचगव्य ओतून ‘शुद्धी’ झाली. परिषदेला गेलेल्यांना धडा शिकवा असे निरोप खेड्यापाड्यांत पोचले. आणि ४ ऑगस्ट १९२७ ला, बोले ठरावाला बरोबर चार वर्षं होताना, नगरपालिकेने तळं खुलं केल्याचा आपलाच ठराव मागे घेतला.

आता मला सांगा, हूल उठवून दोन तासांत जमाव गोळा करायला त्यांना व्हॉट्सअॅप लागलं होतं का?

डिसेंबरात दुसरी परिषद ठरली. कोर्टाकडून तात्पुरता मनाईहुकूम आणला गेला. परिषदेला महाडात कुणी हिंदू जागा देईना, तेव्हा फत्तेखान नावाच्या गृहस्थांनी आपली जागा दिली. गावातले व्यापारी माल देणार नाहीत म्हणून शिधा बाहेरून आणला. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचं दहन झालं. तो ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे, जातीने ब्राह्मण. कोर्टाचा हुकूम होता म्हणून तळ्यावर न जाण्याचा निर्णय झाला आणि लढाई न्यायालयात गेली. ती संपायला १७ मार्च १९३७ उजाडला. मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं, की तळ्यावर फक्त स्पृश्यांचाच पूर्वापार हक्क आहे ही रूढी सिद्ध झालेली नाही. एका तळ्याच्या पाण्यासाठी दहा वर्षं कोर्ट.

मग प्रश्न येतो. १९२७ च्या आधी महाडात ध्रुवीकरण होतं की नव्हतं? १९२० सालच्या एखाद्या सावकाराला किंवा खोताला विचारलं असतं, तर तो म्हणाला असता, आमच्याकडे सगळं गोडीगुलाबीने चालतं, कुणाची तक्रार नाही. तक्रार नव्हती हे खरंच. कारण तक्रार करणाऱ्याला गावात राहायचं होतं. तट १९२७ ला पडले नाहीत, ते शेकडो वर्षं होतेच. १९२७ ला फक्त खालच्या बाजूने पहिल्यांदा आवाज आला, आणि वरच्या बाजूला वाटलं की शांतता भंगली.

म्हणून ‘पूर्वी माणसं एका पंगतीला बसायची’ असं कुणी म्हणालं, की माझ्या मनात पहिलं येतं: कोण कोण बसायचं? त्या पंगतीची यादी द्या. तुमच्या पंगतीला सगळं गाव कधी होतं?

हे फक्त महाडात नव्हतं

पुण्यासारख्या शिकलेल्या शहराची गोष्ट घ्या. गोपाळ गणेश आगरकर सुधारणेचं लिहितात म्हणून सनातन्यांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. १८९५ ला पुण्यात काँग्रेस भरली, तेव्हा तिच्या मांडवात न्यायमूर्ती रानड्यांची सामाजिक परिषद भरवू नका, नाहीतर मांडव जाळू, अशा धमक्या आल्या. परिषद दुसरीकडे हलवावी लागली. आणि ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींचा खून झाल्यावर पश्चिम महाराष्ट्रात खेडोपाडी ब्राह्मणांची घरं जाळली गेली. ज्यांनी जाळली ते बहुतेक ओळखीचेच होते, आणि ज्यांची जळली त्यातली कित्येक कुटुंबं पुन्हा गावाकडे राहायला आली नाहीत.

तेव्हा कडवटपणा, हिंसा, बहिष्कार या मापाने मोजलं तर उत्तर सोपं आहे. पूर्वी जास्त वाईट होतं. खूपच जास्त. पण फक्त कडवटपणा मोजून भागत नाही. तट पडल्यावर मधे कोण उभं राहिलं, आणि त्याचं पुढे काय झालं, हेही मोजायला हवं.

१९२७ ला मधे माणसं होती. थोडी होती, पण होती. टिपणीस, चित्रे हे महाडच्या बहिष्कृत समाजातले नव्हते. त्यांना घरी बसून राहता आलं असतं. फत्तेखानांना या भांडणाशी देणंघेणं नव्हतं. या लोकांनी आपल्या लोकांचा रोष पत्करला. आणि एक बघा: १९३७ च्या निवडणुकीत बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाकडून टिपणीस आणि चित्रे दोघेही कायदेमंडळात निवडून गेले. म्हणजे तट ओलांडलेल्या माणसाला दुसऱ्या बाजूने आपलं मानलं. हे साधं नाही.

१९५७

आता दुसरं साल, आणि इथे आमच्या गावाचा संबंध येतो. महाडहून रायगडला जाताना लागणारं नाते हे चिंतामणराव देशमुखांचं जन्मगाव, १४ जानेवारी १८९६. आयसीएस झाले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, १९५० पासून देशाचे अर्थमंत्री. १९५२ ला आपल्याच कुलाबा मतदारसंघातून काँग्रेसतर्फे लोकसभेवर गेले.

जानेवारी १९५६ मध्ये नेहरूंनी जाहीर केलं, की मुंबई केंद्राच्या ताब्यात राहील. त्याआधी २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनजवळ गोळीबार झाला होता, जानेवारीत पुन्हा झाला. त्या आंदोलनातले १०६ हुतात्मे आपण मोजतो. चिंतामणरावांनी अर्थमंत्रिपद सोडलं. जुलै १९५६ मध्ये लोकसभेत उभं राहून त्यांनी राजीनाम्याची कारणं सांगितली, गोळीबाराची न्यायालयीन चौकशी का नाही असं पंतप्रधानांच्या तोंडावर विचारलं. स्वतःच्या पक्षाच्या सरकारला, सगळ्या देशासमोर.

पुढे काय झालं? त्याच वर्षी ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. नेहरूंचंच सरकार होतं. नंतर दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू झाले. आज असं होईल का, याचं उत्तर मी देत नाही, तुम्हीच द्या.

खाली, म्हणजे आपल्याकडे, मात्र वातावरण असं सभ्य नव्हतं. ३० नोव्हेंबर १९५७ ला प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण नेहरूंच्या हस्ते होतं. प्रतापगड सातारा जिल्ह्यात, पण पोलादपूरकरांच्या डोक्यावरच. संयुक्त महाराष्ट्र समितीने ठरवलं, काळी निशाणं दाखवायची. वाईकडून पसरणी घाटात आणि इकडे पोलादपूरच्या बाजूला माणसं जमली. महाराजांच्या पुतळ्याचा कार्यक्रम, आणि त्यावर काळी निशाणं! कल्पना करा, आज असं काही झालं तर मोबाईलवर काय काय फिरेल. दोन्ही बाजू म्हणत होत्या, महाराज आमचे. तरीही निदर्शनं शांततेत झाली, आणि दिल्लीला कळायचं ते कळलं.

मुख्यमंत्री होते यशवंतराव चव्हाण. मराठी माणूस असून द्विभाषिक राज्य चालवतो म्हणून त्यांना सूर्याजी पिसाळ म्हटलं गेलं. रायगडाच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना सूर्याजी पिसाळ म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. अलीकडे ‘गद्दार’ आणि ‘खोके’ ऐकून ज्यांना वाटलं, की भाषा आत्ताच खालावली, त्यांनी आचार्य अत्र्यांच्या ‘मराठा’चे तेव्हाचे अंक कुठे मिळाले तर चाळावेत. कान लाल होतील.

पण दुसरी बाजूही बघा. समितीत कोण होतं? कॉम्रेड डांगे, समाजवादी एस. एम. जोशी, शेकाप, बाबासाहेबांचा शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन, आणि त्यांच्याच बरोबर हिंदुमहासभा, जनसंघ. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं एका व्यासपीठावर. म्हणजे एका प्रश्नावर दोन तट, पण दुसऱ्या प्रश्नावर तट वेगळे. आज ज्याच्याविरुद्ध घोषणा देतोस, उद्या त्याच्याच शेजारी बसायचंय, हे माहीत असलं की जीभ जरा आवरली जाते.

१ मे १९६० ला राज्य झालं. पहिला मुख्यमंत्री तोच ‘सूर्याजी पिसाळ’. १९६२ च्या निवडणुकीत महाराष्ट्राने काँग्रेसला २६४ पैकी २१५ जागा दिल्या. पाच वर्षांपूर्वी काळी निशाणं धरणाऱ्या हातांनीच त्यातले कित्येक शिक्के मारले असणार. १९६४ ला नेहरू गेले, तेव्हा अत्र्यांनी त्यांच्यावर लिहिलेले लेख वाचून लोक रडले. ‘सूर्यास्त’ नावाने ते पुस्तक झालं. भांडण टोकाचं होतं, पण ते कशासाठी होतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. ती गोष्ट मिळाली, भांडण मिटलं.

१९७५

तिसरं साल. पुन्हा आमचंच गाव. मोहन धारिया, जन्म १९२५, नाते. काँग्रेसमधल्या ‘तरुण तुर्कां’पैकी एक. १९७१ ला पुण्यातून लोकसभेवर गेले, इंदिरा गांधींच्या सरकारात राज्यमंत्री झाले.

तेव्हा देशात उघड दोन तट होते. एकीकडे इंदिराजी, दुसरीकडे जयप्रकाश नारायण. धारियांनी काय केलं? पक्ष सोडला नाही, सरकार पाडायला निघाले नाहीत, विरोधकांना जाऊन मिळाले नाहीत. एवढंच म्हणाले, की जयप्रकाशजींशी बोला. संवाद करा. मार्च १९७५ मध्ये त्यांना मंत्रिमंडळातून काढलं. तीन महिन्यांनी आणीबाणी आली. धारियांनी तिला उघड विरोध केला, तुरुंगात गेले. १९७७ ला जनता सरकारात वाणिज्यमंत्री झाले. पुढे ‘वनराई’ काढली आणि राजकारणापेक्षा झाडं आणि पाणी यांच्यात जास्त रमले.

चिंतामणराव आणि धारिया, दोघं एका गावचे, दोघांचं मंत्रिपद गेलं, एकोणीस वर्षांच्या अंतराने. पण फरक बघा. १९५६ ला माणूस स्वतः बाहेर पडला, सरकारवर कडक बोलला, तरी त्याला देशाच्या कामात जागा राहिली. १९७५ ला माणूस फक्त ‘पलीकडच्याशी बोला’ म्हणाला, आणि तेवढ्यासाठी त्याला काढलं. भांडण किती मोठं यापेक्षा, मधल्या माणसाचं काय होतं, हे माझ्या मते खरं माप. त्या मापाने १९५६ पेक्षा १९७५ वाईट होतं.

आणि आज

आता आजचं. नावं घेऊन लिहितो, कारण सगळं जाहीर आहे, आणि कुणाची बाजू घ्यायची म्हणून लिहीत नाही.

जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली आणि त्या फुटीच्या मधोमध महाडचं नाव देशभर गेलं. आपले आमदार भरतशेठ गोगावले शिंदे गटाचे प्रतोद. ११ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की त्यांना प्रतोद म्हणून मान्यता देण्याचा अध्यक्षांचा निर्णय बेकायदा. १० जानेवारी २०२४ ला विधानसभा अध्यक्षांनी शिंदे गटच खरी शिवसेना आणि त्यांचीच नेमणूक वैध, असा निकाल दिला. इथल्या नाक्यानाक्यावर दोन्ही वेळा फटाके वाजले, वाजवणारे वेगवेगळे. मधे जुलै २०२३ ला राष्ट्रवादी फुटली. ज्या तटकरेंशी इथल्या शिवसैनिकांनी वर्षानुवर्षं उभा दावा मांडला, तेच २०२४ ला महायुतीचे उमेदवार, आणि त्यांच्यासाठी मतं मागायला तेच शिवसैनिक. निवडणूक झाली, सरकार आलं, आणि १८ जानेवारी २०२५ ला रायगडचं पालकमंत्रिपद अदिती तटकरेंना जाहीर झालं, तर मुंबई-गोवा महामार्ग अडवला गेला. दुसऱ्या दिवशी त्या नेमणुकीला स्थगिती मिळाली.

म्हणजे नेते तट ओलांडत नाहीत असं कुणी म्हणू नये. आज तट ओलांडणं कधी नव्हे इतकं सोपं झालंय. माझ्याकडे तालुक्यातल्या पुढाऱ्यांची यादी आहे, कोण कुठल्या पक्षात याची. दर सहा महिन्यांनी ती नवीन करावी लागते. मग ध्रुवीकरण वाढलंय असं लोकांना का वाटतं?

माझं उत्तर असं. नेता ओलांडतो, तेव्हा तो सत्तेसह ओलांडतो. त्याची निधीची कामं चालू राहतात, गाडीवरचा झेंडा फक्त बदलतो. अडकून पडतो तो खालचा कार्यकर्ता. काल नेत्याच्या सांगण्यावरून त्याने ज्या चुलतभावाशी भांडण केलं, तो चुलतभाऊ तिथेच राहतो, शेजारच्या पडवीत. नेते वर एकत्र बसले तरी खालच्या दोन घरांतलं बोलणं सुरू होत नाही. आणि कधी कधी तर बोलणं सुरू करायची वेळ यायच्या आत वर पुन्हा फाटतं.

१९५७ ला भांडण मुंबईसाठी होतं. मुंबई मिळाल्यावर संपलं. आजचं भांडण कशासाठी आहे? विचारून बघा. मी विचारतो. ‘त्यांचा माज उतरवायचा’ हे उत्तर जास्त येतं. माज उतरवणं ही अशी मागणी आहे, की ती कधीच पूर्ण होत नाही, म्हणून भांडणही कधी संपत नाही.

त्यात खरी गोम वेगळीच आहे. गल्लीतला रस्ता, नळपाणी योजना, समाजमंदिर, बंधारा, सगळं आता ‘कुणाच्या माध्यमातून’ येतं. बोर्डावर तसंच लिहिलेलं असतं. पैसा सरकारचा, पण पाणी आमच्या माणसाचं किंवा तुमच्या माणसाचं. मग वाडीत एखादं घर दुसऱ्या बाजूचं असलं, तर तिथवर पाइप पोचायला उशीर होतो. पुरावा मागाल तर कागदावर काही नसतं, कागद नेहमी स्वच्छ असतो. चवदार तळ्यावर मुद्दा हाच होता ना? सार्वजनिक पैशाचं पाणी सगळ्यांचं, की एका बाजूचं?

आता मधल्या माणसाचं माप लावू. आज आपल्याकडे मधे उभं राहणाऱ्याचं काय होतं? खड्ड्याची बातमी दिली की पहिला फोन येतो, ‘कुणी द्यायला लावली?’ टँकर वेळेवर आला म्हणून चांगलं लिहिलं की दुसरा फोन, ‘किती मिळाले?’ हा माझा अनुभव झाला. पण साध्या माणसाचंही तेच. ग्रुपवर कुणी लिहिलं, की पलीकडच्या उमेदवाराचं या मुद्द्यावर बरोबर आहे, तर अर्ध्या तासात तो ‘विकला गेलेला’ असतो. त्याला कुणी मारत नाही, १९२७ सारखं डोकं फोडत नाही. तो फक्त पुढच्या वेळी लिहीत नाही. असे न लिहिणारे दर महिन्याला वाढतात, आणि ग्रुपवर दोन टोकं उरतात. मग आपण म्हणतो, बघा, सगळा समाज दुभंगलाय. समाज तेवढा दुभंगलेला नसतो. मधला माणूस गप्प झालेला असतो.

हे २०२१ ला मी डोळ्यांनी पाहिलंय. २२ जुलैला महाड बुडालं, तळियेवर दरड आली, ८० पेक्षा जास्त माणसं गेली. त्या दोन दिवसांत दोर टाकताना, चिखल उपसताना, पलीकडच्याला कुणी पक्ष विचारला नाही. पाणी ओसरलं, पंचनाम्याच्या याद्या निघाल्या, आणि ‘यादीत नाव कुणी घातलं’ हे सुरू झालं. तट माणसांच्या मनात तितके नाहीत, जितके याद्यांमध्ये आहेत.

एक गोष्ट मात्र बदललेली नाही

वाळीत टाकणं. १९२७ ला तळ्यावर गेलेल्यांवर जे हत्यार उगारलं गेलं, तेच रायगडच्या गावक्यांनी अलीकडेपर्यंत वापरलं. कधी निवडणुकीला गावकीच्या मर्जीविरुद्ध उभं राहिल्यामुळे, कधी मंदिराच्या हिशोबावरून, कधी जमिनीवरून. आपल्या जिल्ह्यातली ही प्रकरणं मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गाजली. २०१६ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, ३ जुलै २०१७ पासून तो लागू आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. असा कायदा करणारं महाराष्ट्र हे पहिलं राज्य. त्याचा अभिमान जरूर बाळगा, पण तो करायची गरज आपल्यासारख्या जिल्ह्यांमुळे पडली, हेही लक्षात ठेवा.

मात्र यातच उत्तराचा दुसरा भाग आहे. १९२७ ला बहिष्कार घालणारा उजळ माथ्याने घालत होता, नगरपालिका त्याच्या बाजूने ठराव फिरवत होती. आज त्याला लपून करावं लागतं, आणि वाळीत टाकलेला माणूस पोलीस ठाण्यात जाऊ शकतो. हा फरक छोटा नाही. ज्यांच्या आजोबांना काठावर उभं राहता येत नव्हतं, त्यांच्या नातवाला ‘पूर्वी बरं होतं’ सांगायला जाऊ नका. त्याला हसू येईल, किंवा राग.

तर मग उत्तर काय?

आज पूर्वीपेक्षा वाईट आहे का? रक्त, बहिष्कार, अपमान या हिशेबाने नाही, अजिबात नाही. आपल्या आजोबा-पणजोबांनी जे भोगलं आणि जे केलं, त्याच्यापुढे आजची शिवीगाळ किरकोळ आहे. पण दोन बाबतींत आज घसरण आहे. एक, भांडणाला शेवट राहिलेला नाही, कारण भांडण कशासाठी हेच कुणी सांगत नाही. आणि दोन, मधे उभं राहणाऱ्याला जागा कमी होत चाललीय. १९२७ ला टिपणीस होते, १९५६ ला चिंतामणराव होते, १९७५ ला धारियांनी किंमत मोजली पण आवाज काढला. आज आवाज काढायच्या आधीच माणूस हिशोब करतो, की आपल्या वाडीचा रस्ता अडकेल का.

२० मार्च २०२७ ला चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला १०० वर्षं पूर्ण होतायत. व्यासपीठं लागतील, सगळ्या पक्षांचे बॅनर लागतील, प्रत्येक बॅनरवर बाबासाहेब असतील आणि खाली ‘सौजन्य’ असेल. होऊ दे. माझी सूचना साधी आहे. त्या दिवसाआधी प्रत्येक ग्रामपंचायतीने, आणि महाड-पोलादपूरच्या दोन्ही नगरांनी, सार्वजनिक पाण्याची यादी लावावी. कुठली विहीर, कुठला नळ, कुठली टाकी, कुठल्या वाडीत पोचलं, कुठल्या वाडीत नाही, आणि का नाही. कुणाच्या माध्यमातून झालं ते लिहू नका. फक्त पाणी पोचलं का, ते लिहा. शंभर वर्षांपूर्वी प्रश्न तोच होता.

कमेंटमध्ये एकच विनंती. तुमच्या घरात १९२७, १९५७ किंवा १९७५ ची कुणाची आठवण असेल, आजोबांची, आजीची, तर लिहा. ते तेव्हा कुठल्या बाजूला होते तेही लिहा. तळ्यावर गेले असतील तर लिहा, आणि काठी घेऊन निघाले असतील तरी लिहा. आपल्या सगळ्यांच्या घरात दोन्ही निघतील.